लाइटवाला कीबोर्ड आणि अधू नजर

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या बाजारात लाइटवाला कीबोर्ड मागणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एक म्हणजे गेमिंगसाठी पैसे साठवलेला कॉलेजचा मुलगा. दुसरी ती, ज्यांना स्वतःला किंवा घरातल्या कुणाला बटणांवरची अक्षरं दिसेनाशी झाली आहेत: सेवा केंद्रावर दिवसभर अर्ज भरणारे काका, टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी अल्पदृष्टी मुलगी. दोघांनाही बहुधा सात रंगांत चमकणारा तोच कीबोर्ड मिळतो. मुलाचं त्यात फारसं बिघडत नाही. पण ज्याला कमी दिसतं त्याचे पैसे जातात, आणि 'एवढा लाइटवाला घेऊनही दिसत नाही' म्हणत तो संगणकच सोडून देतो, हे मला फार लागतं. एकाच घरात दोघं असतील तर निवड अधू नजरेच्या सोयीने करावी. खेळणाऱ्याचं त्यात काही कमी होत नाही. ते कसं, हे पाहायचं तर आधी काही समजुती बाजूला ठेवाव्या लागतील.

गैरसमज: बटणाखाली लाइट असला की कमी दिसणाऱ्यालाही दिसतं

बटणाखालचा लाइट हा अंधारावरचा उपाय आहे. कमी नजरेवरचा उपाय म्हणजे अक्षराचा आकार आणि अक्षर व बटण यांच्या रंगांतला ठळक फरक.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या दिली आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी आणि 3/60 पर्यंत असेल, किंवा समोरचं दिसण्याचा आवाका 40 अंशांहून कमी होऊन 10 अंशांपर्यंत आला असेल, तर ती अल्पदृष्टी. 6/18 चा अर्थ असा की निरोगी डोळा जे 18 मीटरवरून वाचतो ते वाचायला या डोळ्याला 6 मीटरवर यावं लागतं. चाळिशी लागणं वेगळं. ती चष्म्याने भागते.

आता हिशेब मांडू. कीबोर्ड डोळ्यांपासून साधारण 50 सेंटिमीटरवर असतो. त्या अंतरावर 6/6 नजरेला जेमतेम ओळखू येणारं अक्षर पाऊण मिलिमीटरचं असतं. 6/18 ला ते सव्वादोन मिलिमीटरचं लागतं, 6/60 ला सात मिलिमीटरहून मोठं आणि 3/60 ला साडेचौदा मिलिमीटरचं. हे झालं जेमतेम ओळखण्याचं माप. सहज, न शिणता वाचायचं तर अक्षर याच्या दुपटीने तरी मोठं हवं. नेहमीच्या कीबोर्डवरचं अक्षर असतं तीन ते पाच मिलिमीटरचं. म्हणजे 6/18 च्या आसपासच्या माणसाचं ठळक अक्षरावर भागू शकेल, 6/60 च्या माणसाला वाकून नाक कीबोर्डला लावावं लागेल, आणि 3/60 ला लागणारं अक्षर बटणाच्या माथ्यावर मावणारच नाही. लाइट कितीही झगझगीत असला तरी अक्षर एका मिलिमीटरनेही वाढत नाही.

नजर कमी होण्याची कारणंही एकसारखी नसतात. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या, डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारात मंद खोलीत काही दिसत नाही; तिथे बटणाखालच्या लाइटचा खरा उपयोग होतो. मोतीबिंदूत नेमकं उलट घडतं. गढूळ भिंगातून प्रकाश पसरतो आणि चमकणारं अक्षर धुरकट गोळ्यासारखं दिसतं. काचबिंदूत आवाका आक्रसतो, त्यामुळे अख्खा कीबोर्ड एका नजरेत येत नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, जिथे 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत, आणखी एक आजार ध्यानात घ्यायला हवा: सिकलसेल. त्यात डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा होऊ शकते. अंगदुखीने बेजार असलेल्या मुलाच्या डोळ्यांकडे बघायचं राहून जातं. म्हणून अशा घरांत कीबोर्डच्याही आधी जिल्हा रुग्णालयात पडदा तपासून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

दिवसाचं काय होतं, हा प्रश्न तर दुकानात कुणी विचारतच नाही. लाइट आरपार यावा म्हणून या बटणांवरची अक्षरं अर्धपारदर्शक प्लास्टिकची असतात. लाइट बंद केला की त्यांतली बरीच अक्षरं मळकट राखाडी दिसतात. एप्रिल-मेच्या दुपारी खिडकीतून येणाऱ्या उजेडापुढे त्या लाइटचं काही चालत नाही, आणि अक्षर पुसट झालेलं असतं. तेव्हा दुकानदाराला लाइट बंद करायला सांगावं आणि दारापाशी, उजेडात कीबोर्ड बघावा. लाइटशिवाय अक्षर वाचता येत नसेल तर तो घेऊ नये. ठळक अक्षरांचे, पिवळ्या बटणांवर काळी किंवा काळ्यावर पांढरी अक्षरं असलेले खास कीबोर्डही मिळतात. त्यांना बहुधा लाइट नसतो, तरी बऱ्याच जणांना तेच जास्त उपयोगी पडतात. टेबलावर एक साधा दिवा, प्रकाश डोळ्यांत न येता बटणांवर पडेल असा ठेवला की काम होतं.

गैरसमज: निळा लाइट सर्वांत ठळक

खोक्यावरच्या चित्रात निळा उठून दिसतो, हे खरं. पण बारीक निळं अक्षर वाचायला डोळ्याची रचनाच अनुकूल नाही. आपण ज्या बिंदूने बारकाईने वाचतो, त्या पडद्याच्या मधोमध निळा प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. शिवाय निळा प्रकाश पडद्याच्या थोडा अलीकडेच एकवटतो, म्हणून अक्षराच्या कडा पसरट वाटतात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत तसाही विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो; त्यात निळा रंग निवडणं म्हणजे त्या डोळ्यावर अन्याय आहे. लाल रंगाचीही अडचण आहे. लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्या काहींना लाल जवळजवळ काळाच दिसतो.

पांढरा किंवा पिवळसर, स्थिर आणि कमी-जास्त करता येणारा लाइट मागावा. लाटांसारखे सरकणारे किंवा श्वासासारखे उघडमीट करणारे रंग बंद करता यायला हवेत, कारण नजर आधीच स्थिर राहत नसेल तर हलत्या रंगांत बटण शोधणं असह्य होतं. स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डांत रंगांचे पट्टे कायमचे ठरलेले असतात आणि ते बदलता येत नाहीत. काहींचा लाइट स्क्रोल लॉकच्या बटणावर चालतो. बिनतारी कीबोर्डांत बॅटरी वाचवण्यासाठी हात थांबला की थोड्या वेळाने लाइट विझतो, म्हणजे बटण शोधायची वेळ येते नेमका तेव्हाच अंधार होतो. अल्पदृष्टी माणसासाठी तारेचाच कीबोर्ड घ्यावा.

गेमिंगच्या महागड्या कीबोर्डांतली एक सोय मात्र अल्पदृष्टी माणसाच्या खरोखर कामाची आहे. प्रत्येक बटणाचा रंग त्यात वेगळा ठरवता येतो. खेळणारा डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं उजळतो. तसंच कमी दिसणाऱ्याने एफ, जे, एंटर आणि एस्केप तेवढी उजळावीत, बाकीची मंद ठेवावीत. चार-पाच खुणा दिसल्या की बोटांना उरलेला कीबोर्ड सापडतो.

गैरसमज: लाइटवाला म्हणजे वेगवान, आणि आवाज आला म्हणजे मेकॅनिकल

लाइटचा वेगाशी काही संबंध नाही. कीबोर्ड सेकंदाला 125 वेळा संगणकाला माहिती देत असेल तर जास्तीत जास्त 8 मिलिसेकंदांचा उशीर होतो. हजार वेळा देत असेल तर एकाचा. डोळ्यांनी पाहून बोट हलायलाच सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. खेळात खरा अडथळा येतो तो एकाच वेळी तीन-चार बटणं दाबल्यावर एखादं नोंदलंच न गेल्यामुळे, तेव्हा तेच तपासून घ्यावं. खोक्यावर 'मेकॅनिकल फील' लिहिलेलं असेल तर आत बहुधा साधी रबराची चटई असते. खऱ्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, आणि बटण नोंदलं गेल्याचं बोटाला कळेल अशा जातीचा स्विच निवडता येतो. ही गोष्ट खेळाडूइतकीच, किंबहुना त्याच्याहून जास्त, न दिसणाऱ्याच्या उपयोगाची आहे. कचेऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेल्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डला लाइट नव्हता, पण बटण दाबलं की बोटाला कळायचं.

गैरसमज: देवनागरीचे स्टिकर लावले की मराठीही उजळेल

सरकारी टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. अपारदर्शक स्टिकर लाइट अडवतो; उजळतो तो फक्त बटणाभोवतीचा फटीतला प्रकाश. छापील देवनागरी असली तरी ती बहुधा बटणाच्या खालच्या अर्ध्या भागात असते आणि बऱ्याच मेकॅनिकल कीबोर्डांत दिवा वरच्या बाजूला असतो, त्यामुळे इंग्रजी अक्षर उजळतं आणि मराठी अंधारात राहतं. याला चांगला उपाय बोटांचाच आहे. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. इनस्क्रिप्ट मांडणीत एफवर ऱ्हस्व वेलांटी येते आणि जेवर र. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं, अशी ती रचना आहे, त्यामुळे न बघता शिकणं अवघड जात नाही. रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्यांची अक्षरं वेगळ्या जागी असतात, पण उंचवटे तेच.

गैरसमज: लहान, आटोपशीर कीबोर्ड सोयीचा

खेळणाऱ्याला माऊससाठी जागा हवी असते, म्हणून हल्ली उजवीकडचे आकडे आणि वरची एफ-1 ते एफ-12 ची रांग काढून टाकलेले कीबोर्ड खपतात. नजर फार कमी असेल तर असा कीबोर्ड मुळीच घेऊ नये. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर इन्सर्टचं बटण आणि उजवीकडचे आकडे वापरून चालवतात. लॅपटॉपसाठी त्याची दुसरी मांडणी आहे आणि इन्सर्टऐवजी कॅप्स लॉकही ठरवता येतं, पण शिकणाऱ्याला पूर्ण आकाराचा कीबोर्डच सोपा जातो. आकड्यांतल्या 5 वरही उंचवटा असतो. एनव्हीडीएत दाबलेलं प्रत्येक अक्षर बोलून दाखवण्याची सोय आहे, आणि ते मराठीही बोलतं. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि अधिक चिन्ह एकत्र दाबलं की पडद्यावरचं सगळं मोठं दिसतं. या दोन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत. नवा कीबोर्ड घेण्याआधी घरच्या जुन्याच कीबोर्डवर आठवडाभर त्या वापरून पाहाव्यात.