सेट हीसुद्धा कामाचीच जागा

मे २०१७मध्ये मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या काही बायका केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांना भेटल्या. त्याआधी फेब्रुवारीत एका आघाडीच्या अभिनेत्रीवर कोचीजवळ धावत्या गाडीत लैंगिक अत्याचार झाला होता. तिनं गप्प न बसता पोलिसांत तक्रार दिली आणि तिच्यामागे मैत्रिणी उभ्या राहिल्या. मंजू वॉरियर, रीमा कल्लिंगल, पार्वती या अभिनेत्री, संकलक बीना पॉल, दिग्दर्शक अंजली मेनन आणि विधू विन्सेंट. त्यांच्या संघटनेचं नाव ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’.

गुन्हेगारांना शिक्षा व्हावी, एवढंच मागून त्या थांबल्या नाहीत. या धंद्यात बायका कोणत्या परिस्थितीत राबतात याची चौकशी करा, असं त्यांनी सरकारला सांगितलं. जुलैमध्ये न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१९च्या ३१ डिसेंबरला तिचा अहवाल सरकारच्या हाती पडला आणि तिथेच राहिला. काही भाग वगळून तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ला. ज्यांनी विश्वासानं साक्षी दिल्या त्यांना एवढी वर्षं ताटकळत ठेवणं, हाही अन्यायच.

कामासाठी ‘तडजोड’ मागणाऱ्यांमुळे अहवाल गाजला. त्यातली स्वच्छतागृहांची नोंद मात्र चर्चेत मागे पडली. बाहेरच्या चित्रीकरणात अनेकदा स्वच्छतागृहच नसतं. मग बायका आडोसा शोधतात, कुणीतरी कापड धरून उभं राहतं. जायची वेळच येऊ नये म्हणून कित्येकजणी तासन्‌तास पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. पाळीच्या दिवसांतले हाल तर विचारायलाच नकोत. कोट्यवधींच्या धंद्याला एवढी साधी सोय परवडत नाही, हे कुणी कसं मान्य करावं?

असल्या तक्रारी कलाकारांच्या जुन्या संघटनेनं ऐकायला हव्या होत्या. पण ‘अम्मा’ या संघटनेनं जून २०१८मध्ये त्याच अत्याचार प्रकरणात तेव्हा आरोपी असलेल्या अभिनेत्याला परत घ्यायचं ठरवलं. तेव्हा पीडित अभिनेत्रीसह चौघींनी राजीनामे दिले.

जुन्या संघटनांचा असा अनुभव मुंबईतही आला. इथल्या मेकअप कलाकारांच्या संघटनेत बाईला केशरचनाकार म्हणूनच कार्ड मिळायचं. केसांना हात लावायला परवानगी, चेहऱ्याला नाही! प्रशिक्षित मेकअप कलाकार चारू खुराणा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ला न्यायालयानं तो नियम घटनाबाह्य ठरवला.

केरळमधली कलेक्टिव्हही कोर्टाची पायरी चढली. तिच्या याचिकेवर मार्च २०२२मध्ये केरळ उच्च न्यायालयानं निकाल दिला: प्रत्येक चित्रपटाच्या युनिटला लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी. युनिट चार महिन्यांत मोडतं, ही सबब त्यानंतर चालणार नव्हती.

हेमा अहवाल आल्यावर आठ दिवसांत ‘अम्मा’ची कार्यकारिणी पायउतार झाली. ऑगस्ट २०२५मध्ये अभिनेत्री श्वेता मेनन अध्यक्ष झाल्या. संघटनेच्या इतिहासात या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई. ज्युनिअर आर्टिस्टना मात्र ‘अम्मा’मध्ये जागा नाही. त्यांना काम मिळतं ते मध्यस्थांकडून, आणि मजुरीतला वाटाही या मध्यस्थांच्याच खिशात जातो. श्वेता मेनन यांच्या निवडीनं त्यात काही बदल होत नाही; मध्यस्थाला बाजूला सारून मजुरी थेट हातात पडावी, ही मागणी आता पुढे रेटायला हवी.