गहाणाचा कागद आणि नोटरीचा शिक्का

घरकर्ज मंजूर झाल्याची वार्ता घेऊन बँकेतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती मंजुरीपत्राबरोबर कागदांची जी लांबलचक यादी पडते, तिच्यात दोन-तीन ठिकाणी 'नोटरी करून आणणे' असा शेरा हमखास असतो. आणि तो वाचून न्यायालयाच्या आवाराकडे वळणारा कर्जदार, मग तो यावलकडचा केळीचा बागाईतदार असो, शिरपूरचा गिरणीकामगार असो की जळगावच्या एखाद्या नव्या वसाहतीत प्लॉट घेतलेला शिक्षक असो, मनात एक समजूत धरूनच चाललेला असतो. नोटरीचा गोल शिक्का उमटला की व्यवहार पक्का झाला, ही ती समजूत. खानदेशातल्या जमिनींच्या जितक्या तंट्यांचे मूळ मला ठाऊक आहे, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ या एका समजुतीत सापडते. म्हणून हा शिक्का काय करतो आणि काय करीत नाही, हे थोडे निवांतपणे पाहिले पाहिजे.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे 'नोटरी पब्लिक' हे प्रस्थ प्रामुख्याने मुंबईसारख्या बंदराच्या शहरांतले होते. हुंडी-बिलाचा स्वीकार झाला नाही की त्याची रीतसर नोंद करणे हे त्याचे मुख्य काम, आणि त्याची सनद थेट इंग्लंडातल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या न्यायासनाकडून येई. धर्मपीठाने व्यापाऱ्यांच्या साक्षीदाराला अधिकार द्यावा, ही गोष्ट आज गमतीची वाटते. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याने येथील सरकारलाही नोटरी नेमण्याचा अधिकार दिला. पण सर्व देशासाठी स्वतंत्र नोटरी कायदा झाला तो १९५२ साली, आणि तो अमलात यायला १४ फेब्रुवारी १९५६ उजाडावी लागली. या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सामान्यतः दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलास, आणि स्त्रिया व मागासवर्गीय यांच्या बाबतीत सात वर्षांच्या वकिलीनंतर, सरकार नोटरी नेमू शकते. त्याला ठरावीक मुदतीची सनद, ठरावीक कार्यक्षेत्र, पाच सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल शिक्का आणि एक नोंदवही मिळते. मिळत नाही तो पगार. सरकारने नेमलेला, पण सरकारचा नोकर नसलेला, आणि समोर येईल त्याच्या फीवर चरितार्थ चालविणारा असा हा माणूस आहे.

पण गहाणाच्या कागदावर तिऱ्हाइताने पहारा ठेवावा ही कल्पना या मुलखाला नवी नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जे जुने मोडी कागद जपून ठेवले आहेत, तशा कागदांवर नजर टाकली तर निरक्षर कुणब्याच्या सहीच्या जागी नांगर काढलेला आढळतो, कारागिराच्या सहीच्या जागी त्याचे हत्यार. बाजूला लिहिणाराचे 'बिकलम' आणि खाली साक्षीदारांची नावे. ही सारी व्यवस्था गाव लहान आणि माणसे एकमेकांच्या तोंडओळखीची असेतोवर ठीक चालली. इंग्रजी अमलात सावकाराचा कागद न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहू लागला आणि कुणब्याला त्या कागदात काय लिहिले आहे हे डिक्री हाती पडेपर्यंत कळेनासे झाले, तेव्हा १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे आणि खाती हिसकावून जाळली. त्या दंग्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याच्या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती: शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा रोखा ग्रामनिबंधकाने स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मगच आपल्या समक्ष त्यावर सही किंवा निशाणी घ्यावी. हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता आणि पुढे त्याची व्याप्ती वाढली. त्यातली 'वाचून दाखवावा' ही अट मला आजच्या कित्येक नियमांहून शहाणी वाटते.

आता आजचा व्यवहार. बँक घरावर कर्ज देते तेव्हा गहाण बहुधा दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार रीतसर नोंदणीकृत गहाणखताचा: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या अशा गहाणाला नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ते काम दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, छायाचित्र व अंगठ्याचा ठसा देऊन पार पडते. दुसरा प्रकार म्हणजे मिळकतीचे मूळ कागद, विशेषतः खरेदीखत, बँकेकडे ठेवून केलेले गहाण. याला नोंदणीकृत लेखाची जरुरी नाही. ही सवलत मुळात कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा व्यापारी शहरांपुरती होती आणि आजही शासनाने अधिसूचित केलेल्या नगरांतच असे गहाण करता येते. मिळकत कोठेही असो, कागद हाती देण्याची जागा मात्र अशा नगरातली लागते.

या दुसऱ्या प्रकारात एक बारीक खोच आहे. कागद ठेवल्याची आठवण म्हणून बँक जो लेख करून घेते, त्यात 'मी अमुक दिवशी कागद ठेवले आहेत' असे झाल्या गोष्टीचे निवेदन असेल तर तो निव्वळ स्मरणलेख; पण 'या लेखाने कागद ठेवून गहाण देत आहे' असे लिहिले की तोच लेख गहाणाचा करार ठरतो आणि त्याला नोंदणी लागते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच स्पष्ट केला. एका क्रियापदाच्या काळावर लाखो रुपयांचे तारण उभे असावे, हे कायद्याच्या शास्त्राला शोभेसेच आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करणे कर्जदारावर बंधनकारक झाले, त्यामुळे एकच घर दोन बँकांकडे अडकविण्याचा जुना उद्योग पुष्कळसा अवघड झाला. शेतकऱ्याच्या विकास सोसायटीच्या पीककर्जाची तऱ्हा निराळीच. तेथे सभासदाच्या इकरारावर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो.

मग या साऱ्यात नोटरी येतो कोठे? शपथपत्र, नुकसानभरपाईचे बंधपत्र, जामीनदाराचे हमीपत्र, एखाद्या वारसाचे संमतीपत्र, परगावच्या भागीदाराचे मुखत्यारपत्र, अशा उपकागदांत. त्याचे काम एवढेच, की अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली, आणि त्याने माझ्यादेखत सही केली, हे सांगणे. मिळकत त्याची आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते पाहण्यासाठी बँकेचा वकील पूर्वीच्या तीस-तीस वर्षांचा शोध घेतो. गावाच्या हद्दीबाहेर नुसत्या 'नोटरीवर' घेतलेले प्लॉट पुढे तारण म्हणून बँका नाकारतात ते यामुळेच. शिक्का खरा असतो, सही खरी असते, पैसेही खरेच दिलेले असतात. फक्त मालकी हस्तांतरित झालेली नसते, कारण शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीवाचून होत नाही. विवाह आणि घटस्फोटही नोटरीपुढे उरकण्याची प्रथा अशीच बोकाळली होती, आणि केंद्र सरकारला २०२४ च्या ऑक्टोबरात परिपत्रक काढून बजावावे लागले की हे नोटरीचे काम नव्हे.

त्याचे खरे काम जवळून पाहावयाचे तर एखाद्या वृद्ध जामीनदाराच्या वेळी पाहावे. टेबलावर कागद पसरलेले, बँकेने जागोजाग पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, मुलगा घाईत. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसणारे आबा पहिल्याच फुलीवर थांबून विचारतात, 'कोठे सही करू, भाऊ?' कारकून बोट ठेवतो, 'आठे करा.' चांगला नोटरी या ठिकाणी कारकुनाचे बोट बाजूला सारतो आणि आधी विचारतो, 'आबा, हा कागद कशाचा आहे, ठाऊक आहे ना? मुलाने हप्ते थकविले तर बँक तुमच्याकडे येईल.' आबा मुलाकडे पाहतात, मुलगा खिडकीकडे. मग हातातल्या अंगठीसकट थरथरत एकेक अक्षर उमटते, नोंदवहीत क्रमांक पडतो, तेथेही सही होते, तिकीट चिकटते आणि त्यावर शिक्का बसतो. कायद्याने नोटरीला हा प्रश्न विचारलाच पाहिजे असे कोठे स्पष्ट म्हटलेले नाही. १८७९ च्या ग्रामनिबंधकाला मात्र निदान कागद वाचून दाखवायला सांगितले होते.

या व्यवसायाची सारी कसोटी एका वाक्यावर लागते. 'वकीलसाहेब, सही घरूनच करून आणली आहे, तुम्ही नुसता शिक्का मारा.' हे वाक्य रोज कानी पडते, आणि ते म्हणणारा बहुधा ओळखीचा, बँकेशी संबंधित, पुढेही काम आणणारा असतो. नाही म्हटले तर तो चार पावलांवरच्या दुसऱ्या टेबलाकडे जातो. पगारी अधिकाऱ्याला नकार देण्याची किंमत पडत नाही. याला ती रोज आपल्या मिळकतीतून भरावी लागते. स्वतंत्र व्यवसाय म्हणून जो मान आपण या पेशाला देतो, त्याचा खरा भार येथे आहे, आणि वकील मंडळींना जाहिरात करण्याची मुभा नसल्यामुळे काटेकोर नोटरीची कीर्ती तोंडोतोंडीच पसरते, तीही 'फार किचकट माणूस' या नावाने.

अमेरिकेत हा धंदा वेगळ्याच वळणाने गेला. तेथील बहुतेक राज्यांत नोटरी हा वकील असावा लागत नाही. कोणीही पात्र प्रौढ माणूस ही सनद मिळवितो. कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्यातच ज्यांनी प्रावीण्य मिळविले, असे स्वतंत्र नोटरी संध्याकाळी कागदांचे जाड पुडके घेऊन कर्जदाराच्या घरी जातात, जेवणाच्या टेबलावर ते पुडके उलगडतात आणि प्रत्येक व्यवहारामागे ठरलेला मोबदला घेतात. कोणता कागद कशाचा, हे त्यांनी सांगावे. सही करावी की न करावी, हा सल्ला मात्र देऊ नये. कॅलिफोर्नियात स्थावराच्या दस्तासाठी सही करणाऱ्याचा अंगठाही नोटरीच्या वहीत घेतात. राहत्या घरावर नव्याने कर्ज काढणाऱ्याला सहीनंतरही साधारणपणे तीन दिवसांत मन बदलण्याची मुभा तेथील कायदा देतो. ही तीन दिवसांची सवड आपल्याकडच्या जामीनदार आबांना मिळाली असती तर कित्येक घरांतला अबोला टळला असता.

या दोन जगांची गाठ आता खानदेशातच पडू लागली आहे. मुलगा न्यू जर्सीत, आई जळगावला, आणि घर दोघांच्या नावे, अशी स्थिती असली की मुलाचे मुखत्यारपत्र तिकडच्या नोटरीसमोर होते. भारतात १४ जुलै २००५ पासून हेग करार लागू असल्याने त्यावर तेथील राज्य शासनाचे 'अपोस्टिल', म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, घेऊन ते पाठविले जाते, आणि येथे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत हुकली की दंड आला. नोंदणीच्या कायद्यानुसार परदेशातल्या नोटरीसमोर केलेले मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकापुढे चालते. येथल्याच रहिवाशाने येथल्या नोटरीसमोर केलेले मात्र दस्त सादर करण्यासाठी चालत नाही, त्यासाठी ते निबंधकासमोरच व्हावे लागते. हा उफराटा न्याय ऐकून लोक चकित होतात.

कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावेत आणि उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्जदार ते खरेदीखत घरी आणतो, कपाटात ठेवतो, आणि सातबाऱ्यावरचा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा उतरविण्याचे मात्र विसरतो. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कचेरीत अर्ज दिला तर ते काम थोड्या खर्चात होते. नाही केले, तर दहा-पंधरा वर्षांनी वाटणीच्या वा विक्रीच्या वेळी तो बोजा वर येतो. तोवर बँकेची शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, जुना दाखला सापडत नाही, आणि कुटुंबातील कोणीतरी पुन्हा न्यायालयाच्या आवारातील त्याच टेबलांपाशी येऊन विचारतो, की कर्ज फिटल्याचे शपथपत्र किती रुपयांच्या मुद्रांकावर करावे.