कॉटन ग्रीन: आमच्या कापसाचा भाव ठरायचा तिथे

हार्बर लाइनवाल्यांनो, एक छोटंसं क्विझ. कापूस तर पांढरा, मग स्टेशनचं नाव कॉटन 'ग्रीन' कसं?

ग्रीन म्हणजे हिरवळ. फोर्टात टाऊन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, 'बॉम्बे ग्रीन' होतं. तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. १८४४ मध्ये बाजार कुलाब्याला गेला, पुढे शिवडीकडे. हिरवळ मागे राहिली, नाव मात्र गाठींबरोबर आलं!

स्टेशनसमोरची कॉटन एक्स्चेंजची इमारत डिसेंबर १९२५ मध्ये उघडली. व्यापाऱ्यांची संघटना ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन, स्थापना १९२१. हीच आजची कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया, ऑफिसही याच इमारतीत. सौदे, भाव, भांडणं, सगळं एका छपराखाली. व्यापाऱ्यांचा क्लबच म्हणा ना!

मला या इमारतीचं अप्रूप जरा जास्तच. मी जळगाव जामोदची. (खानदेशातलं नाही हो! बुलडाण्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. घोटाळा नको म्हणून तर शेजारच्या जामोदचं नाव जोडलंय.) आमच्या गावाला आजही रेल्वे नाही, नांदुरा गाठावं लागतं. पण कापसासाठी इंग्रजांनी जलंब-खामगाव फाटा टाकला आणि मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला खामगावात आले. रुळांसोबत तारही आली. मुंबई-लिव्हरपूलचा भाव व्यापाऱ्याच्या हातात आधी पडायचा. शेतकऱ्याला मात्र तो सांगेल तोच भाव.

हिशेबाची भाषासुद्धा वेगळी बघा. आमच्याकडे सरकीसकट कापूस क्विंटलने विकतात. मुंबईत रुईचा भाव आजही खंडीवर, म्हणजे साधारण ३५६ किलोवर बोलला जातो. सरकी, जिनिंग, उतारा हे गणित जमल्याशिवाय आपल्याला किती मिळायला हवं होतं, ते कळणार कसं?

१९६६ मध्ये कापसाच्या वायद्यांवर बंदी आली. १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार खरेदी सुरू केली आणि आमचा कापूस सरकारी काट्यावर गेला. ती योजना संपली, वायदे परतले. भावाची कटकट तशीच!

वायद्यांचा खरा गलका काळबादेवीला, मारवाडी बाजारात. तिथल्या आर्ट डेको कॉटन एक्स्चेंजच्या दर्शनी भागावर कापूसवाल्या शेतकऱ्यांची शिल्पं आहेत. सौद्यात ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना भिंतीवर मानाची जागा. लंच अवरला तिकडे गेलात तर मान वर करून बघा. खाली हातगाड्यांची गर्दी असते, जरा सांभाळून.