आला, आमद, केम

काशीराज शिवदेव हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण चाकरीला शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे पानिपतावर अब्दालीच्या गोटात. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांची शुजाशी बोलणी चालत ती याच्यामार्फत. १४ जानेवारी १७६१ चा संहार त्याने डोळ्यांनी पाहिला आणि पुढे त्याची हकिकत फारसीत लिहिली. जेम्स ब्राउनने ती इंग्रजीत आणली आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापली.

आता गंमत पाहा. रणात कोणी आलं, की काशीराजाच्या मायबोलीत तो 'आला', त्याच्या कागदावर 'आमद' आणि ब्राउनच्या हाती 'केम'. वरवर एकमेकांना न ओळखणारे हे तिन्ही शब्द एकाच धातूचे आहेत! संस्कृतात तो 'गम्'.

'आगत'मधला ग आणि त प्राकृतात झिजले, शेवटी 'ल' जोडला गेला आणि 'आला' उभा राहिला. 'गत'चा तसाच 'गेला' झाला. म्हणजे आपले 'आला' आणि 'गेला' सख्खे भाऊ. 'जाणे' मात्र 'या' धातूचं, वेगळ्याच घरातलं. इराणी भाषांतही 'आ' अधिक 'गम्' असाच जोड होता. तिथे ग गळाला आणि 'आमद' उरलं. कथक नर्तक मंचावर येतो तो 'आमद' हाच, आणि घरात येते ती आमदनीही हीच.

'केम'ची वाट लांबची. संस्कृतात जिथे ग, तिथे जर्मॅनिक भाषांत क, असा नियमच आहे. आपला 'गो' तिकडे 'काऊ' होतो. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल आणलं, त्यात हे क्रियापद 'क्विमान' असं दिसतं: तो आला 'क्वाम', आम्ही आलो 'क्वेमुम'. पुढे इंग्रजीत आणि जर्मनमध्ये त्यातला 'व' पुसला गेला. या भाषा एका कुळातल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये जाहीर सांगितलं ते याच सोसायटीपुढे. लढाईला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती.

त्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गेले, ही बातमी ऐकून महाराष्ट्र हादरला. त्या 'गेले'मध्ये आणि इंग्रजांच्या 'कम'मध्ये एकच धातू आहे, हे कळल्यापासून मला तो शब्द सहज उच्चारता येत नाही. मूळ अर्थ नुसता पाऊल टाकण्याचा. ते आपल्याकडे पडलं की दूर गेलं, हे ज्या त्या भाषेने ठरवलं.

आणि पाहुणा दारात आला की? आपण 'सु' आणि 'आगत' जोडून 'स्वागत' म्हणतो. जुन्या इंग्रजीत 'विलकुमा' म्हणजे हवासा वाटणारा येणारा. त्याचंच 'वेलकम' झालं. फारसीत 'खुश आमद'. तिघांनीही एकच धातू घेऊन त्यापुढे आनंदाचा शब्द ठेवला. त्यातलं 'खुश आमद' मराठीत राहायला आलं आणि इथे त्याची 'खुशामत' झाली.