प्रवासातला ‘वास’ कोठे गेला?

‘तीर्थाटन’ आणि ‘पर्यटन’ हे दोन्ही शब्द ‘अट्’ या एकाच धातूपासून आले आहेत. अट् म्हणजे हिंडणे. ‘तीर्थ’ जाऊन त्याच्या जागी ‘परि’ म्हणजे ‘सभोवार’ आले, एवढाच काय तो फरक! पण एवढ्याशा फरकाने एखाद्या गावाचे जीवन किती पालटते, हे पाहायचे असेल तर आमच्या नाशिकला यावे. मराठी शिकवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शब्दांच्या या गमती वर्गात सांगतो खरा, पण त्यांचे अर्थ मला रामकुंडावर आणि गंगापूर धरणाच्या रस्त्यावर अधिक नीट समजतात.

तिसरा शब्द ‘प्रवास’. त्यात ‘वस्’ धातू आहे. घरापासून दूर जाऊन राहणे, तो प्रवास. (येथे ‘वास’ म्हणजे मुक्काम, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आज गोदाकाठी येणारा दुसराच वास वाचकांच्या मनात यायचा!) वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’ आहे, ते उगाच नव्हे.

१८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर चढली आणि नाशिक मुंबईच्या हाताशी आले. तरीही येणारा यात्रेकरू उपाध्यांच्या वाड्यात उतरे. गाव आणि कूळ सांगितले की उपाध्ये वही काढीत. आजोबा केव्हा आले होते, बरोबर कोण होते, हे त्यात सापडे आणि त्याखाली आपलेही नाव लिहायचे. या वह्या नाशिक-त्र्यंबकला आजही आहेत. दक्षिणेवरून कुरबुरी तेव्हाही होत. पण पाहुण्याला गावात कोणी ओळखणारे होते.

पुढे मध्यमवर्गाच्या खिशात चार पैसे खुळखुळू लागले आणि देवाबरोबर हवाही बदलावीशी वाटू लागली. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी पंचवटी एक्सप्रेस धावू लागली. १९८४ मध्ये ‘केसरी’ निघाली आणि मराठी माणूस चिवड्याचे डबे घेऊन परदेशाची वाट धरू लागला. दहा दिवसांत पाच देश पाहून आलेल्या स्नेह्यांना मी विचारतो, “काय पाहिलेत?” ते म्हणतात, “थांबा, फोटोत आहे!”

नाशिकचेही रूप बदलले. १९९९ साली सुला कंपनी निघाली, २००१ मध्ये राज्याने द्राक्षमद्याचे धोरण आणले आणि गंगापूर धरणाच्या बाजूचे मळे देशी-परदेशी पाहुण्यांनी गजबजले. जेथे आईबापांच्या अस्थी घेऊन माणसे येत, तेथे आता वाढदिवसही साजरे होतात. यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. त्यात किती तरी घरांच्या चुली पेटतात. सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये रुळांवरची ट्रॉली सुरू झाली आणि गुडघे धरून बसलेल्या आजीबाईंना देवी पुन्हा भेटू लागली. सोय वाईट नसतेच.

पण सोयीने मुक्काम आखडला. २०२३ साली मुंबईहून शिर्डीला जाणारी वंदे भारत नाशिकमार्गे धावू लागली, २०२५ साली समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे मुंबईच्या दिशेला जोडला गेला. सकाळी त्र्यंबक, दुपारी द्राक्षमळा, रात्री ठाण्याला आपल्या अंथरुणात! अशा पाहुण्याकडून गावाला मिळते ते वाहनांची रांग आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. गावही त्याला फार काही देत नाही.

आपण मात्र माथी मोजण्यात दंग आहोत. गर्दीचा हिशेब चुकला की काय होते, ते २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीने दाखवले. ३९ भाविकांचा बळी गेला. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनातली शेकडो झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. पाहुण्यांना मांडव घालायचा म्हणून घराचे आढे कोणी काढतो काय? किती लोक आले, यापेक्षा किती रात्री राहिले आणि ते गेल्यावर गोदेचे पाणी कसे राहिले, हे पालिकेने मोजावे. यजमानपण त्यावरून ठरते.

आणि वाचकहो, पाहुण्यांनीही थोडे करावे. सुटीत नाशिकला याल तर एक रात्र जास्त राहा. पांडवलेण्यांत सातवाहन राणी गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचा पराक्रम कोरवून ठेवला आहे, तो लेख सावकाश पाहा. सकाळी मिसळ खा, सराफबाजाराच्या बोळांतून पायी हिंडा, दुकानदाराशी दोन शब्द बोला. जमल्यास आपल्या कुळाची वही शोधून तीत मुलांची नावे घाला. सिंगापूरला किंवा स्वित्झर्लंडला जाणार असाल, तरी यादीतली दोन ठिकाणे गाळा आणि उरलेल्या एका गावात चार दिवस राहा. परत आल्यावर “काय पाहिलेत?” असे कोणी विचारले, तर फोटो शोधावे लागणार नाहीत.