गिलाव्याआधीची भिंत

भिंत बघायची ती गिलाव्याच्या आधी. एकदा गिलावा चढला की पोकळ, भुसभुशीत, ओळंब्यातून सुटलेली भिंतही देखणी दिसायला लागते. साताऱ्याजवळ मावसभावाचं घर चाललंय. वीटकाम लिंटेलपर्यंत आलं, तेव्हा गिलावेवाल्याला थांबवून आम्ही भिंतीभोवती फिरलो.

आधी विटांचा ढीग. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज हवा, नखाने ओरखडा उठता कामा नये, इतकं सगळेच बघतात. पुढची परीक्षा सहसा कोणी करत नाही, आणि तिला किराणा दुकानातला काटा पुरतो. कोरडी वीट २ किलो ८०० ग्रॅम भरली. २४ तास पिंपात बुडवून, फडक्याने पुसून पुन्हा तोलली तर ३ किलो २७५. म्हणजे सुमारे १७ टक्के पाणी प्यायली. नेहमीच्या विटेला भारतीय मानकात २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. प्रयोगशाळेत वीट आधी ओव्हनमध्ये सुकवतात, त्यामुळे घरचा आकडा ढोबळच; तरी वीट पास म्हणायची. पण पास झालेली वीटही जवळजवळ अर्धा लिटर पाणी पोटात घेते, हे ध्यानात ठेवायचं.

म्हणूनच लावण्याआधी ती भिजलेली हवी. "भिजवल्यात की साहेब," मिस्त्री म्हणाला. ढिगावर पाइप फिरवला होता, हे खरं. मधली एक वीट फोडली तर आत ठणठणीत कोरडी. अशी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला मुरायला पाणीच उरत नाही. एका थराचा सांधा खिळ्याने खरवडला, तर वाळू भुरभुरत खाली आली. एकास सहाचा माल असा नुसता वाळूचा होऊन बसतो. चहाला जाऊन आल्यावर घमेल्यातल्या आवळलेल्या मालात पाणी मारून तोच वापरला, तरी हीच गत.

आडवे सांधे बहुतेक नीट असतात, कारण वरची वीट बसवताना माल दाबला जातो. लबाडी असते ती उभ्या सांध्यांत. गवंडी विटेच्या तोंडाला थापीने जरासा माल लावतो, पुढून दर्ज भरल्यासारखी दिसते, मागे पोकळ. दिवेलागणीला एकाने आतून टॉर्च धरला, मी बाहेर उभा राहिलो. पश्चिमेच्या भिंतीत चार-पाच ठिकाणी उजेडाच्या बारीक चिरा दिसल्या. पावसाचा झोत नेमका त्याच बाजूला बसतो. त्या जागांवर खडूने फुल्या मारल्या. मिस्त्रीने कुरकुरत का होईना, सांधे उकरून पुन्हा भरले.

तरीही माझ्या मते घराची ओल बहुतेकदा खालून येते. जोत्यावर दीड-दोन इंच जाडीची काँक्रीटची पट्टी आणि तिच्यावर गरम डांबराचा हात, हा जुना रिवाज. जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, त्याला तिथे अडवायचं. पट्टी भिंतीच्या पूर्ण रुंदीला आणि अखंड हवी, दाराच्या कोपऱ्यातही. जोत्याचा बीम आहे, मग पट्टी कशाला, असं ठेकेदार म्हणतो. बीमचं काँक्रीट घट्ट असेल तर ओल अडतेही, पण मधमाश्यांच्या पोळ्यासारखं सच्छिद्र राहिलेलं काँक्रीट मी पुष्कळ पाहिलंय.

पट्टी चांगली घातली तरी तिला वळसा घालायला दोन वाटा असतात. बाहेरचा गिलावा पट्टीवरून सलग खाली जमिनीत उतरवला, की पाणी त्याच गिलाव्यातून वर चढतं. दुसरी वाट अंगणाची. भरावाचा मुरूम, त्यावर वाळू, त्यावर पेव्हर, असं करता करता अंगण जोत्याच्या पट्टीला भिडतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात कोचामागे रंगाचे पोपडे, त्यावर पांढरा लोणा, आणि दोष रंगाच्या कंपनीला.

भावाने गिलावा पट्टीच्या वरच थांबवून तिथे खाच ठेवायला सांगितलंय. अंगणाची पातळी पट्टीखाली किमान अर्धा फूट राहील अशी पाणसळीने काढून, रंगाची रेघ मारून ठेवली आहे. पेव्हरवाला दिवाळीनंतर येणार आहे. ट्रॅक्टर रिकामा करण्याआधी त्याला ती दाखवायची जबाबदारी वहिनींनी घेतली आहे.