शर्यतीतून रस्त्यावर

पुण्याला पूर्वी सायकलींचे शहर म्हणत. आज त्याला दुचाक्यांचे शहर म्हणावे लागेल. लक्ष्मी रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा. कितीतरी मोटारसायकली समोरून जातील, पण त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. मग एखादीच अशी येते, की माणसे थबकतात. तशी गाडी जिवापाड जपणारे आणि तिच्यासाठी भरपूर पैसे मोजणारे संग्राहक असतात. हे निव्वळ वेड, की त्यामागे काही कारण आहे? आपण पाहू या.

शर्यतीच्या काही गाड्या केवळ शर्यतीसाठीच बांधतात; त्या रस्त्यावर येतच नाहीत. काही शर्यतींचा नियम मात्र वेगळा असतो. जी गाडी कारखान्याने ग्राहकांना विकली, आणि तीही ठरावीक संख्येने विकली, तिलाच तेथे प्रवेश मिळतो. मग कारखानदार शर्यतीला लागणारे भाग घालून थोड्याच गाड्या बनवतात. त्यांना ‘रेसिंग रेप्लिका’ म्हणतात. १९८८ साली सुरू झालेल्या जागतिक सुपरबाइक स्पर्धेसाठी होंडाने आरसी-३० ही गाडी आणली. तिच्यातील कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५८ टक्के असते. इंजिनात दट्ट्या आणि हा दांडा सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतात. वेग दुप्पट झाला, की त्यांच्यावर येणारे जडत्वाचे बल चौपट होते. म्हणून तेथे वाचवलेला प्रत्येक ग्रॅम मोलाचा असतो.

आपल्या जवळचे उदाहरण चाकणचे. बजाज ऑटोने २००७ साली ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीत भागीदारी घेतली, आणि २०१४ साली बाजारात आलेली आरसी ३९० ही गाडी पुण्याजवळ चाकणला बांधली गेली. तिच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६० मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा, उत्तर सुमारे ३७३ घन सेंटिमीटर येईल. पुढे जागतिक सुपरस्पोर्ट ३०० स्पर्धेच्या नियमासाठी केटीएमने तिचीच ‘आरसी ३९० आर’ ही आवृत्ती काढली. किती? फक्त ५००!

पण संग्राहकांची आवडती गाडी नेहमी मुद्दाम थोडीच बनवलेली असते असे नाही. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून काही वर्षे राजदूत ३५० बनवली. ती म्हणजे यामाहाची आरडी ३५०. तिच्या दोन सिलिंडरांचा व्यास ६४ आणि धाव ५४ मिलिमीटर. यामाहाच्या टीझेड ३५० या शर्यतीच्या गाडीचीही मापे नेमकी हीच. त्या काळच्या ३५० बुलेटची शक्ती १८ अश्वशक्ती होती, तर राजदूतच्या अधिक शक्तीच्या प्रकाराची ३०.५. आकारमान जवळजवळ सारखे, मग हा फरक कसा? बुलेटमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला. शिवाय राजदूतचे इंजिन अधिक वेगाने फिरते.

शर्यतीच्या टू-स्ट्रोक गाडीची खरी गंमत तिच्या पुंगळीत असते. ही पुंगळी आधी रुंदावत जाते आणि मग निमुळती होते. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास करून ती विकसित केली. एक्झॉस्टचे तोंड उघडले, की पुंगळीत संपीडनाचा तरंग धावतो. रुंदावणाऱ्या भागातून तो विरलन होऊन परततो आणि जळालेला वायू बाहेर ओढतो. निमुळत्या टोकावरून परतणारा तरंग मात्र संपीडनच राहतो. बाहेर निसटू पाहणारे पेट्रोल-हवेचे मिश्रण तो परत सिलिंडरमध्ये ढकलतो. हलणारा एकही भाग नाही, सारे काम ध्वनीचे!

आता थोडे गणित करू. इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेते असे समजा. एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टचे तोंड ढोबळमानाने अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद उघडे असते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात तरंग २ मीटर जाईल. जाऊन परत यायचे, म्हणून निमुळते टोक सुमारे १ मीटरवर हवे. पण हेच इंजिन ३७५० फेऱ्यांवर चालवले तर? तोंड ८ मिलिसेकंद उघडे राहते आणि तरंग मात्र चारच मिलिसेकंदांत परततो. ऐन वेळी दार अडवायला कोणीच नसते. म्हणून अशी गाडी कमी वेगात मरगळलेली वाटते, आणि ठरावीक वेग गाठताच उसळी घेते. संग्राहकाला मोह पडतो तो या उसळीचा.

आता दुसरी बाजू पाहू. तरंग चुकला की न जळलेले मिश्रण हवेत जाते, आणि त्याबरोबर तेलाचा निळसर धूरही. आपल्या फुफ्फुसांना ते घातक आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली मागे पडल्या, ते योग्यच झाले. पण त्यामुळेच उरलेल्या गाड्यांची संख्या आता फक्त घटू शकते, वाढू शकत नाही. अपघात, गंज आणि न मिळणारे सुटे भाग त्यात भर घालतात. एखादी गाडी नीट जतन केली, तर तिच्याबरोबर एका काळचे अभियांत्रिकी ज्ञानही टिकते. मात्र तिने रोज चौकाचौकात धूर सोडावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि हो, शर्यतीचे रंग आणि चित्रे चिकटवली म्हणून गाडी रेप्लिका होत नाही. जाणकार संग्राहक रंगाला भुलत नाही. इंजिन व सांगाड्याचे क्रमांक तो तपासतो, कोणता भाग शर्यतीसाठी बदलला हे विचारतो. तुम्हीही तोच प्रश्न विचारायला शिका. तोपर्यंत एक उदाहरण सोडवा: इंजिन १०,००० फेऱ्यांवर उसळावे असे वाटत असेल, तर पुंगळीचे निमुळते टोक किती अंतरावर हवे? उत्तर पाऊण मीटर आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.